घरचीच तर पोर आहे

काळाचौकीत फुकटच्या कामाला एक गोड नाव आहे, घरचं काम. मंडळाच्या पावत्या फाडायला, प्रसादाचे लाडू वळायला, नाटकाचे पडदे रंगवायला जो उभा राहतो तो घरचा, आणि घरच्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. हितेंद्र परब हे शास्त्र कोळून प्यायला होता. बावीस वर्षं तो चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा चिटणीस. लोकांना 'घरचे' करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शेवटी ते शास्त्र त्याने पोटच्या मुलीवर चालवलं, त्याची ही गोष्ट.

बारावीनंतर मनवा अॅनिमेशन शिकायचं म्हणाली, तेव्हा क्लासची फी ऐकून हितेंद्रने विषय मिटवला. मग ती आपली आपण शिकू लागली. मामेभावाचा जुना लॅपटॉप, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि इंटरनेटवरचे धडे एवढंच तिचं भांडवल. चित्र हलतं करायचं तर सेकंदाला बारा चित्रं काढावी लागतात. ती आईला म्हणजे लतिकाला पाण्याची बादली घेऊन गॅलरीतून पुन्हा पुन्हा चालायला लावी. पहिल्या महिन्यात तिच्या चित्रातली बाई भरलेली बादली रिकामी असल्यासारखी उचलायची. कुठे चुकतंय हे सांगणारं कुणी नव्हतं. मग तिने स्वतः भरलेली बादली पन्नास वेळा उचलून पाहिली. बादली हलायच्या आधी खांदा खाली जातो आणि पावलं फाकतात, हे तेव्हा तिला उमगलं. तेवढं चित्रात आणायला तिला अडीच महिने लागले. हितेंद्र मात्र विचारणाऱ्याला सांगे, "कार्टून काढते, दुसरं काय." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. या घरात तर कुणी भावही विचारत नव्हतं.

त्या वर्षी मंडळाने पुतळ्यांच्या देखाव्याऐवजी पडद्यावर फिल्म दाखवायची ठरवली. विषय, 'राबणाऱ्या हातांना मान द्या'. हितेंद्रने परस्पर मुलीला कामाला लावलं. सात महिने राबून मनवाने आठ मिनिटांची फिल्म केली. गिरणी बंद पडल्यावर घर ओढणाऱ्या एका बाईची गोष्ट होती ती. तिने एकच गोष्ट मागितली, शेवटी आपलं नाव. हितेंद्रने हो म्हटलं.

गणपती आठ दिवसांवर आले तेव्हा अध्यक्ष अमित सावंतांचा भाचा नील पुढे आला. त्याची दादरला जाहिरात एजन्सी. मोठा पडदा मी देतो, पण 'निर्मिती' म्हणून नाव एकट्या माझ्या एजन्सीचं, अशी त्याची अट होती. सभेत ती हितेंद्रनेच मान्य केली. "घरचीच तर पोर आहे," तो म्हणाला, "नावाचं काय एवढं?"

घरी त्याने मनवाला समजावलं की देवाच्या कामात नाव मागायचं नसतं. लतिका तेवढी म्हणाली, "नीलने मागितलेलं चाललं वाटतं देवाला."

फिल्म बघायला रांगा लागल्या. देखाव्यांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, आणि आयत्या बिळावरच्या या नागोबाने, नीलने, कलाकार म्हणून व्यासपीठावर शाल घेतली. पहिल्या रांगेत बसून हितेंद्रने टाळ्या वाजवल्या. मनवा गेलीच नव्हती.

दिवाळीनंतर परळच्या एका स्टुडिओने सहा शिकाऊ कलाकार घ्यायचं जाहीर केलं. पदवीची अट नव्हती, फक्त काम बघणार होते. स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या मुलीला असं दार रोज उघडत नाही. मनवाने फिल्ममधलं बादलीचं दृश्य पाठवलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. हे दृश्य आम्ही स्पर्धेत पाहिलं आहे, ते दुसऱ्याच्या नावावर आहे. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून पाठवणाऱ्यांचा आम्ही विचार करत नाही.

तिने फोन वडिलांसमोर धरला.

"चोर ठरले मी, बाबा. माझ्याच आईच्या पावलांची."

हितेंद्र तडक अमितकडे गेला. मंडळाच्या कागदावर खरं काय ते लिहून दे, एवढंच त्याचं मागणं होतं. अमितने नकारार्थी मान हलवली. असं लिहून दिलं तर बक्षीस परत जाईल, पेपरात नाव येईल, मंडळाची अब्रू जाईल. पोरीला म्हणावं दुसरी फिल्म कर, घरच्या घरी मिटव. आणि आपल्या चिटणीसालाही ते पटलं! मुलीला काय सांगायचं याची जुळवाजुळव करतच तो चाळीत परतला.

तळमजल्यावर अप्पा बसले होते. पंख्याच्या जुन्या मोटारी लावून पुतळे हलवणारे, मंडळाचे छत्तीस वर्षं देखावे करणारे अप्पा. त्यांनी विचारलं, हितेंद्रने सगळं सांगितलं.

"हितू," अप्पा म्हणाले, "कमानीवर लायटिंगवाल्याचा नाव, फुलवाल्याचा नाव. छत्तीस वर्सां देखावे मी केलंय. माझा नाव खय लागला?"

"तुम्ही कधी मागितलं नाहीत, अप्पा."

"पयल्या वर्साक मागितलंय. तुझ्या बापाशीन सांगल्यान, तू घरचोच. मगे मागूचा सोडलंय. हात चललो, पण मन परत लागला नाय." मग अप्पांनी विचारलं, "पोरगी चोर ठरली तां चलता, आणि मंडळ ठरला तर अब्रू जाता?"

मंडळाच्या वहीत दर वर्षी 'देखावा : मंडळाचे कार्यकर्ते' असं हितेंद्रनेच लिहिलं होतं, स्वतःच्या वळणदार अक्षरात. त्याला स्वतःची शरम वाटली.

त्याने मंडळाचा कागद घेतला नाही. साध्या कागदावर लिहिलं की फिल्म माझ्या मुलीची आहे, तिचं नाव मी काढलं, चोरी झाली ती माझ्यामुळे. खाली सही केली, एक प्रत अमितकडे टाकली आणि मनवाच्या फिल्मच्या कच्च्या चित्रांच्या वह्या घेऊन तो परळला गेला. तिथल्या अनुजा मॅडमनी प्रत्येक वही उघडून पाहिली. त्यांनी मनापासून माफी मागितली, आणि सांगितलं की सहाही जागा कालच भरल्या. पुढच्या वर्षी नक्की अर्ज करा म्हणाल्या. वरातीमागून घोडं ते, त्याला कोण नाचवणार?

घरी आल्यावर त्याने मनवाला सगळं सांगितलं. मग घाईघाईने म्हणाला, "पुढच्या गणपतीत कमानीवर तुझं नाव घालतो. सगळ्यात मोठं."

मनवाने वह्या त्याच्या हातातून काढून घेतल्या. तिचा आवाज चढला नाही.

"पुढच्या वर्षी कुणाकडून तरी करून घ्या, बाबा. मी परळला अर्ज करीन. पण मंडळासाठी आता रेघही ओढणार नाही."

हितेंद्र सुधारला, हे खरं. पुढच्या सभेत त्याने काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव फलकावर लावायचा ठराव मांडला, अमितशी भांडून तो मंजूर करून घेतला, आणि पहिलं नाव अप्पांचं लिहिलं. पण पुढच्या गणपतीत देखाव्यापुढे मनवाची जागा रिकामीच होती.

मंडळी, आपल्या प्रत्येक गल्लीत अशी एक घरची पोर आहे. तिचं काम आपण हक्काने घेतो, आणि नाव द्यायची वेळ आली की आपल्याला देव आठवतो. परक्याला मान देताना आपण चुकत नाही, तो घरच्यालाही द्या. आणि तो वेळेवर द्या, कारण एकदा उठून गेलेलं माणूस फलकावर नाव वाचून परत येत नाही.