चार वर्षं झाकलेली पट्टी

"कीबोर्डला हात नको लावूस हं!" उल्का इतक्या जोरात ओरडली ना, माझी कॉफी सांडता सांडता वाचली.

अरे, उल्का म्हणजे नागपूरला कॉलेजात माझ्या शेजारच्या बेंचवर बसायची ती! आता जर्मनीतल्या सहाशे वर्षं जुन्या युनिव्हर्सिटीत फिजिक्सची पीएचडी करतेय. पण प्रयोग इथे अमेरिकेत, आपल्या नेपरव्हिलजवळच्या लॅबमध्ये. शनिवारी सकाळी बर्फात तिची गाडी सुरूच होईना, म्हणून सोडायला गेलो आणि थांबलोच.

स्क्रीनवर एक ग्राफ. मधोमध कोरी पांढरी पट्टी.

"इथला डेटा कुठे गेला गं?"

"आहे ना. झाकून ठेवलाय. चार वर्षं."

"कोणापासून?"

"माझ्यापासून."

मला काही कळेचना! "अगं मग हळूच डोकावायचं ना यार, कोण बघतंय?"

"डोकावलं की संपलं. मग हवं तेच दिसेल अशी चाळणी लावतो आपण. आधी काय मोजायचं, काय टाकायचं ती चाळणी पक्की करायची, प्रयोगातल्या सगळ्या ग्रुपने हो म्हणायचं, मगच उघडायचं. काल हो आलं."

ती शोधतेय तो नवा कण असलाच, तर त्या पट्टीत. तो नसला तरी इतर कणांमुळे अकराएक टिंबं तिथे उगाच पडणारच, असा तिचा अंदाज. पंचवीस-तीस पडली तर मात्र जगभर नाव! जर्मनीहून तिचे सर स्पीकरवर होते. तिने एंटर दाबलं आणि पट्टी उघडली.

मी बोटाने मोजली. बारा.

"म्हणजे?"

"म्हणजे तिथे काही नाहीये."

"मग चाळणी जराशी सैल कर ना." म्हणालो रे, खरंच असं म्हणालो मी!

"ईशान, गप बस."

सरांनी इंग्लिशमध्ये एकच विचारलं, उघडल्यावर काही बदललंस का? ती नाही म्हणाली. "गुड. मग लिहायला घे," ते म्हणाले. पण फोन लगेच ठेवला नाही त्यांनी. तिकडे त्यांची खुर्ची करकरली.

उल्काने ग्राफची प्रिंट काढली, लॉगबुकात चिकटवली. खाली तारीख, वेळ, बारा, सही.

"सापडलं नाही, याचाही थीसिस होतो रे," ती म्हणाली. मग वही माझ्या हातात दिली आणि खिडकीकडे तोंड फिरवून डोळे पुसले.

"माझ्यापासून जरा लांब धर. शाई ओली आहे अजून."