तळाचं पाणी

सरकारनं कोळसा बंद करायचं ठरवलं, आणि खाणीला मिळणारी मदतही त्याच कागदावर आटोपली. आता पैसा मिळणार होता तो एकाच कामाला: खाणीतल्या पाण्याच्या उबेवर गावातली घरं गरम करायला. पाणी पंचवीस अंशांच्या वर निघालं तर मदत, नाहीतर पंप बंद करून खाण बुडू द्यायची. आणि पंप म्हणजे पंपवाल्याचा जीव की प्राण. अठ्ठावीस वर्षं त्यानं ते एक दिवस थांबू दिले नव्हते.

मोजायला आलेल्या मॅडम तरुण होत्या, पण कामाला पक्क्या. वरच्या हौदात त्यांनी थर्मामीटर सोडला. चौदा अंश.

"झालं," म्हणत त्यांनी वही उघडली.

पंपवाला घाईनं पुढं झाला. "अहो मॅडम, इथं डोंगरातला झरा मिसळतो. खरं पाणी तळाला आहे. पाळी संपली की आम्ही मुद्दाम तिथं जाऊन हातपाय धुतो, ते काय उगाच?"

"फॉर्मवर हाच हौद लिहिलाय, काका."

"फॉर्म लिहिणारा कधी खाली उतरला होता का?"

मॅडमना हसू आलं. त्यांनी वही मिटली.

खाणीत नेणारा पिंजरा उतरत राहिला, उतरतच राहिला. कानाला दडे बसले. पुढं उताराची वाट, आणि पावलागणिक अंगातलं जाकीट नकोसं होत गेलं. तळाशी दिव्याच्या उजेडात पाणी काळंभोर पसरलेलं. पलीकडचा काठ दिसतच नव्हता.

मॅडमनी हातमोजा काढून हात बुडवला. "कोण तापवतं हे?"

"कुणी नाही. जमीनच आतून अशी आहे."

थर्मामीटर एकतीसवर थांबला. आकडा लिहून त्यांनी सही केली आणि साक्षीदार म्हणून वही त्याच्यापुढं धरली.

त्यानं पेन घेऊन सही केली. या पाण्यानं त्याचे दोन सोबती गिळले होते. रोज शिव्या हासडत त्यानं ते वर खेचलं होतं आणि नदीत सोडलं होतं. म्हणजे अठ्ठावीस वर्षं तो अख्ख्या गावाची ऊब नदीला देत होता, आणि हे कधी त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

खाली हेल्मेट काढायचं नसतं, हे तोच सगळ्यांना दटावून सांगायचा. त्यानं ते काढलं आणि पाण्यासमोर उभा राहिला. मॅडमही उठून त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.