दारात अडकलेला मान

मी एका विनोदी साप्ताहिकात लंडनच्या बड्या घरांतल्या माणसांची व्यंगचित्रं काढतो. म्हणून बडी घरं मला जेवायला बोलावतात. हसं शेजाऱ्याचं व्हावं, आपलं होऊ नये, एवढीच त्यांची अपेक्षा. जेवण चांगलं असतं, म्हणून मीही जातो.

त्या संध्याकाळी टॅपलिनबाईंकडे होतो. नवरा साबणाचा कारखानदार, त्यामुळे बड्या लोकांनी त्यांना आजवर कधी विचारलं नव्हतं. ही पहिलीच मेजवानी. ती बिघडली, तर त्यांच्या मुलींना चांगल्या घरचं आमंत्रण जन्मात येणार नव्हतं. बाई दर मिनिटाला दाराकडे बघत होत्या. मला खरंच त्यांची दया आली.

बटलरने जेवण तयार असल्याचं सांगितलं आणि घात झाला. आमच्यात सगळ्यांत मानाच्या बाईने यजमानाच्या हाताला धरून आधी दिवाणखान्यातून जेवणाच्या खोलीत जायचं, बाकीच्यांनी मानाप्रमाणे मागून, अशी रीत. मी अर्थातच शेपटाला. पण लेडी ऑर्मस्बी आणि लेडी थ्रॅल दोघी एकदमच उठल्या. जिची पदवी जुनी तिचा मान मोठा, आणि दोघींच्या सासरी पदवी एकाच राजाने एकाच दिवशी दिलेली! टॅपलिनसाहेबांनी दोन्ही हात पुढे केले आणि घाईघाईने दोन्ही मागे घेतले.

"तुम्ही व्हा ना पुढे," लेडी ऑर्मस्बी जागची न हलता म्हणाली. "वय झालंय तुमचं."

"छे हो, तुम्हीच व्हा," लेडी थ्रॅल म्हणाली. "तुमच्याकडे हल्ली चूल थंडच असते म्हणे."

तेवढ्यात धुराड्याने पेट घेतला. खोलीभर धूर कोंडला, ठिणग्या पडून गालिचा जळू लागला. दार एकच, पण त्या दोघींच्या आधी बाहेर पडण्याचा उद्धटपणा करणार कोण? शेजारचे कर्नल खोकत खोकत माझ्याशी हवापाण्याबद्दल बोलत राहिले.

शेवटी धग लागली तशा दोघी एकदमच दाराकडे धावल्या. पोलादी कड्यांवर फुगवलेले त्यांचे झगे चौकटीत गच्च अडकले.

"झगा कापा!" कोणीतरी ओरडलं. कात्री आली. पण जिचा झगा आधी कापावा, ती आधी सुटणार! कात्री सगळ्यांच्या हातून फिरली आणि परत टेबलावर गेली.

लेडी थ्रॅलने मान वळवून मला पाहिलं. "काढताय ना चित्र? डावीकडून काढा. उजवीकडून हनुवटी दुहेरी दिसते."

टॅपलिनबाई नवऱ्याकडे बघत होत्या आणि नवरा छताकडे. "वर्षभर या दोघींचे उंबरठे झिजवले हो मी," त्या म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी धुराचं नव्हतं. मग त्यांनी झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि दोघींच्या बरोब्बर मधोमध लाथ हाणली.

दोघी बाटलीच्या बुचांसारख्या सुटल्या आणि बाहेर पालथ्या पडल्या. मागून आम्ही सगळे खोकत, पण मानाप्रमाणे, बाहेर आलो. नोकरांनी बादल्या ओतून आग विझवली.

"मी आधी पडले!" लेडी ऑर्मस्बी फरशीवरून ओरडली.

"साफ खोटं! आधी माझं नाक टेकलं!"

सगळे निकालासाठी टॅपलिनसाहेबांकडे बघू लागले. बाईंनी मात्र सरळ माझा दंड धरला. "चला हो, सूप निवतंय."

"अहो बाई," मी म्हणालो, "यजमानीणबाईंनी सगळ्यांच्या शेवटी जायचं असतं. उद्या अख्खं लंडन तुम्हाला वाळीत टाकेल."

"टाकू दे. पोरींना सांगते, सुटलात गं बायांनो!"

आम्ही दोघंच जेवणाच्या खोलीत जाऊन बसलो. बाहेर नाकांचा वाद रंगात आला होता. सूप दुसऱ्यांदा मागणं म्हणजे आमच्यात निव्वळ गावंढळपणा. टॅपलिनबाईंनी ते तिसऱ्यांदा मागितलं.