फुंकणीकाकांची बायको

"अगं, गाल फुगवू नकोस. ओठ आवळ आणि थुंकल्यासारखं कर."

"शाळेत थुंकू?"

"थुंकल्यासारखं म्हणालो."

तिने ट्रम्पेट पुन्हा तोंडाला लावला. आतून असा काही आवाज निघाला की दोघंही चोरासारखे दाराकडे बघायला लागले. दाराला आतून कडी होती. बाहेर मधली सुट्टी चालली होती आणि पोरांच्या कालव्यात रेडा ओरडला असता तरी कुणी वळून बघितलं नसतं. तरी तिचे कान लाल झाले. या वयात काय काय नशिबी येतंय, असं पुटपुटता पुटपुटता तिला हसू फुटलं. तोही हसला. हसता हसता खोकला, आणि मग खोकतच राहिला. ट्रम्पेट मांडीवर धरून ती त्याचा खोकला थांबायची वाट बघत बसली.

जिन्याखालच्या त्या खोलीत त्याने सगळी नोकरी काढली होती. शाळेच्या बँडमधली पोरं वाजवायची, टाळ्या घ्यायची, वाद्यं आणून टाकायची आणि घरी पळायची. मागचं सगळं त्याचं. नळ्यांत साचलेली थुंकी काढायची, कोमट साबणाच्या पाण्याने त्या धुवायच्या, लांब ब्रश आरपार फिरवायचा, व्हॉल्व्हला तेल द्यायचं, पोचे काढायचे, सुटलेल्या सांध्याला कथलाचा डाग द्यायचा. आणि सगळं झाल्यावर प्रत्येक वाद्य स्वतः फुंकून बघायचं. त्याशिवाय तो कुठलंही वाद्य पोरांच्या हाती देत नसे. म्हणून पोरांनी त्याचं नाव फुंकणीकाका ठेवलं. ते नाव शाळेतून घरापर्यंत आलं. ती भाजी घ्यायला गेली तरी लोक तिला फुंकणीकाकू म्हणायचे.

आता फुंकणीत वाराच उरला नव्हता. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरला. मग म्हणाले, "फुफ्फुसं आखडत चाललीत. फुंकणं बंद. डागाच्या धुराजवळ तर फिरकायचंही नाही."

घरी येताना तो रस्त्यात थांबत थांबत चालत होता. "शाळेत बोलू नकोस," तो म्हणाला.

"किती दिवस लपवणार?"

"वार्षिक समारंभ होऊ दे. बँडच्या बाईंनी यंदा सगळी नवी पोरं घेतलीत. वाद्य गळकं असलं ना, की पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. सोडून जातं बिचारं. वाद्याला कुणी दोष देत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन ती स्वतः शाळेत गेली, खोलीला आतून कडी लावली आणि म्हणाली, "सांगा. कुठून फुंकायचं?"

खरं तर या खोलीशी तिचं पहिल्यापासून वाकडं होतं. सुट्टीच्या दिवशीही तो इथेच. घरी आला की हूं आणि हं. 'सगळा वारा तिकडेच संपवून येता, माझ्या वाटणीला काही उरत नाही,' असं ती वैतागून म्हणायची. आता रोज दुपारी ती त्याच्यासमोर स्टुलावर बसून फुंकू लागली. तो सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा कुठे येतो ते बघायचा. क्लॅरिनेटच्या किल्ल्यांखालची पॅडं पातळ कागद सरकवून तपासायचा, आणि मग डोळे मिटून म्हणायचा, "आता वाजव." ती फुंकायची. तो मान कलती करून ऐकत राहायचा. "वरची किल्ली बसत नाहीये. थांब." इतक्या वर्षांत ती बोलत असताना त्याने एकदाही असा कान दिला नव्हता. हे तिच्या मनात आलं.

एकदा ती कडी लावायला विसरली आणि बँडच्या बाई आत आल्या. ती ट्रम्पेट तोंडाला लावून बसलेली, तो भिंतीला टेकून धापा टाकतोय. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"काकू, जवळ पाणी ठेवत जा," त्या म्हणाल्या. "घसा सुकतो फार." आणि त्यांनी बाहेर जाताना दार हलकेच ओढून घेतलं.

समारंभ तोंडावर आला तेव्हा फक्त मोठा हॉर्न राहिला होता. अंगाला वेढा घालून बसणारं ते पितळी धूड. खालचे सूर धड लागत नव्हते आणि बुडबुडा कुठेच दिसत नव्हता. ती फुंकून फुंकून बेजार झाली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अजून एकदा," तो म्हणाला.

"आता माझाही जीव घ्या."

"एकदाच."

तिने उरलासुरला दम एकवटला. त्याने बोट ओलं करून दोन नळ्यांच्या बेचक्यात घातलं आणि त्याचा चेहरा उजळला. "सापडली! चीर आहे. इथे, आतल्या अंगाला." आणि लगेच डागाचं सामान काढायला तो खाली वाकला.

"अहो, नाही. डॉक्टर काय म्हणाले?"

"दोन मिनिटांचं काम."

"तुम्हाला माझ्याशी चार शब्द बोलायला श्वास पुरत नाही. याच्यासाठी मात्र आहे!"

तो थांबला. काहीतरी बोलणार असं तिला वाटलं. पण त्याने नाकातोंडाला ओला रुमाल बांधला. "तू बाहेर उभी राहा," तो म्हणाला. "तुझ्या छातीत धूर नको जायला."

ती व्हरांड्यात उभी राहिली. आतून खोकला ऐकू येत होता.

समारंभाच्या दिवशी तो दवाखान्यात होता, नाकाला नळी लावलेला. "तू जा," त्याने हाताने खुणावलं. "हॉर्न ऐकून ये."

ती गेली. शेवटच्या रांगेत बसली. पाहुणे उशिरा आले, म्हणून बँडची दोन गाणी गाळली. उरलेलं एक चालू असताना लाउडस्पीकरवरून कुणीतरी पाहुण्यांची माहिती वाचत होतं. हॉर्नवाल्या मुलाचे फुगलेले गाल तिला लांबून दिसले. आवाज मात्र तिला वेगळा काढता आला नाही.

"गळत नव्हता ना?" ती दवाखान्यात परतताच त्याने विचारलं.

"नाही. भरून वाजला. पोरगं मान ताठ करून वाजवत होतं."

त्याने डोळे मिटले. ती आणखी काही सांगेल म्हणून तो वाट बघतोय हे तिला कळलं. मग ती त्याला सगळी गाणी सांगत बसली, गाळलेलीसुद्धा.

त्याच आठवड्यात तो गेला.

भेटायला येणारे येऊन गेले, नणंद मागे राहिली. स्वयंपाकघरात तिला उजेडात बघून ती म्हणाली, "वहिनी, ओठाला काय झालं गं? भाजलं का?"

"नाही."

"मग?"

"काम करत होते."

नणंदेला काही उमगलं नाही. नणंद भांड्यांकडे वळल्यावर ती न्हाणीघरातल्या आरशासमोर गेली. वरच्या ओठावर माउथपीसच्या कडेचा गोल, काळसर वळ उठला होता. रोज सकाळी तोंड धुताना ती तो बघू लागली. आधी काळसर, मग तांबूस, मग नुसती कड. एका सकाळी उजेडाकडे चेहरा इकडेतिकडे वळवूनही तो तिला सापडला नाही.

मागून नणंदेने हाक मारली, तेव्हा कुठे तिने नळ बंद केला.