हेल्वोगचा वास

टोरग्रिमची दृष्टी जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून दर शनिवारी त्याची बायको बोर्गहिल त्याला पेपरातलं प्रवासाचं पान मोठ्यानं वाचून दाखवायची. बहुतेक लेख तो दोन ओळींत निकालात काढी. "निळं पाणी, हिरवे डोंगर. हे डोळेवाल्यांना दे." ऑगस्टमधला हेल्वोगवरचा लेख मात्र त्यानं तीनदा वाचायला लावला. उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवरचं ते कोळ्यांचं गाव त्या लेखात दिसत नव्हतंच, थेट नाकात शिरत होतं. वलांड्यांवर, म्हणजे मासे टांगायच्या लाकडी मांडवांवर, वाळणाऱ्या कॉड माशाचा खारट, उग्र वास धक्क्यावरच्या डांबरात मिसळतो आणि जिभेवर येऊन बसतो, असं सिन्नवे नावाच्या बाईनं लिहिलं होतं.

"आपण जायचं," टोरग्रिम म्हणाला. त्याला घाई होती. ज्या डोक्याच्या ऑपरेशनात डोळे गेले, त्यानंतर वास येणंसुद्धा हळूहळू बंद होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सप्टेंबरमध्ये दोघं तिथे पोचली, तर वलांड्या रिकाम्या. नुसते दांडे, आणि त्यांच्यामधून वाहणारा वारा. टोरग्रिम मान वर करून उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "टांगलाय ना मासा?"

एवढ्या लांब आलेल्या माणसाचा विरस कशाला करायचा, म्हणून बोर्गहिल म्हणाली, "हो तर! गच्च भरलंय. वासानं डोकं उठलं माझं."

"बरं," तो म्हणाला. गाडीत बसल्यावर त्यानं पट्टा लावला आणि म्हणाला, "म्हणजे नाकही गेलं."

तिला तेव्हाच बोलायचं होतं. पण घाट लागला, मग पाऊस लागला, आणि ते राहून गेलं.

ट्रॉनहाइमला घरी परतल्यावर त्यानं जेवण सोडल्यात जमा केलं. दोन चमचे खाल्ले की वाडगा बाजूला. "पुठ्ठा चावल्यासारखं लागतं," म्हणायचा. ऑक्टोबरात त्याची पँट कमरेवर ठरेना. शेवटी तिनं खरं काय ते सांगून टाकलं, तर तो हसला. "आता बरी रिकामी झाली तुझी वलांडी. राहू दे, म्हातारे." तिच्या शब्दावर त्याचा विश्वास उरला नव्हता. म्हणून ती पेपरच्या कचेरीत गेली.

सिन्नवे चाळिशीची, हाताखाली अर्धा लेख तसाच ठेवून बोलणारी बाई होती.

"तुम्ही हेल्वोगला कधी गेला होतात?" बोर्गहिलनं विचारलं.

"एप्रिलमध्ये."

"लेखात एप्रिल कुठेच नाही."

"मीच कापला." सिन्नवेचे हात थांबले. "असे लेख आम्ही साठवून ठेवतो, पान रिकामं राहिलं की छापतो. महिना दिसला तर लेख शिळा वाटतो." मग खालच्या आवाजात, "जूनपर्यंत सगळा मासा उतरवतात. मला माहीत होतं ते."

"मग एवढंच येऊन त्याला सांगा. नाक शाबूत आहे म्हणावं. माझं तो ऐकत नाही."

"नुसतं सांगून पटेल? मी वाळवलेला कॉडच घेऊन येते. वास आला की प्रश्न मिटला."

आणि नाही आला तर, हे बोर्गहिलच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "गुरुवारी या. आम्ही चारला जेवतो."

गुरुवारी सिन्नवे वेळेवर आली. "मासा गाडीत आहे," ती दारातच कुजबुजली. "आधी बोलते, मग खालून आणते."

टोरग्रिम टेबलाशी बसला होता. "तुम्हीच का त्या? हिनं चांगलं पढवून आणलेलं दिसतंय."

"मला कुणी पढवत नाही," सिन्नवे म्हणाली. तिनं पिशवीतून वही काढली, पानं उलटली. "हे बघा, सोळा एप्रिल—"

"बघतो की. आणखी काय काय बघू?"

सिन्नवेचा चेहरा लाल झाला. "मी मासा आणलाय," ती म्हणाली.

स्टोव्हवर माशांचं सूप उकळत होतं आणि बोर्गहिल हातातला डाव न हलवता उभी होती. टोरग्रिमनं तिच्या दिशेला तोंड वळवलं. जोरात श्वास ओढला. मग टेबलावर थाप मारून म्हणाला, "अगं, येतोय की! खारट, उग्र. डांबरासकट येतोय!"

"पण तो अजून—" सिन्नवे बोलू लागली. बोर्गहिलनं पुढे होऊन तिचं मनगट घट्ट धरलं. गाडीची किल्ली वहीशेजारीच पडली होती.

"खरंच येतोय?" बोर्गहिलनं विचारलं.

"मग? घरभर झालाय. वाढ लवकर, भूक लागलीय."

तिनं वाढलं. तो खाली मान घालून जेवू लागला. प्रत्येक घास तोंडात घेऊन क्षणभर थांबायचा, औषध गिळावं तसा गिळायचा आणि म्हणायचा, "झकास." सिन्नवेनं आपल्या वाडग्याला हात लावला नाही. तो खाताना हेल्वोगचंच बोलत होता. त्या दिवशी सर्दी झाली असेल आपल्याला, म्हणाला. वाडगा तळापर्यंत संपवून त्यानं तो पुढे केला.

"आणखी घाल."

बोर्गहिलनं डाव उचलला. ती त्याच्या तोंडाकडेच बघत होती, निम्मं सूप टेबलक्लॉथवर गेलं.

"सांडलं का गं?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली.