टेकूला फुटलेली पालवी

वसंतरावांनी पामच्या टेकूला दोन्ही हात घालून हिसका दिला. टेकू जागचा हलला नाही. वरच्या टोकाची पाच-सहा कोवळी पानं मात्र त्यांच्या नाकासमोर डुलली.

“नबीलाल, हे काय आहे?”

“टेकू हाय की सायेब.”

“टेकूला पानं येतात?”

नबीलालनं झारी खाली ठेवली, टोपी काढली, पुन्हा घातली. बोलणार काय, कप्पाळ! एक-दोन नव्हे, चाळीसच्या चाळीस टेकूंना पालवी फुटली होती.

मलकापूरच्या रस्त्याला नवा साखर कारखाना निघाला, त्याला दुसरं वर्ष. चेअरमन अंबादासराव बंगळूर बघून आले आणि फाटकापासून वजनकाट्यापर्यंत दुतर्फा बाटली पामच पाहिजेत म्हणून हटून बसले. ट्रकातून रोपं आली. दिसायला देखणी, यात वाद नाही. गुळगुळीत बुंधा, डोक्यावर तुरा. पण सावली म्हणाल तर शेळीसुद्धा टेकायची नाही. नबीलालनं तेव्हाच सांगून बघितलं होतं, “नांदरूक लावूया सायेब, वडावानी दाट सावली धरतंय. उसाच्या गाड्या दिस-दिसभर वजनाला थांबत्यात. बैलं उन्हात करपत्यात.” त्यावर बागेचे सुपरवायझर वसंतराव हसले होते. “नांदरूक गावच्या पारावर शोभतं. इथं कारखान्याची शान दिसली पाहिजे.”

मग नबीलालनं पाम लावले आणि प्रत्येकाला मनगटाएवढ्या जाड, नांदरुकाच्या ओल्या फांदीचा टेकू दिला.

“हे बघ, चेअरमन अकराला येतायत,” वसंतराव आता आवाज खाली आणून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. “तुला कायम करायच्या कागदावर आज सही आहे. त्याआधी हे सगळं उपट.”

दोन वर्षं तो रोजंदारीवर होता. कायम झाला तर शिवाजी पेठेतल्या अंधाऱ्या खोलीतून बायको-पोरींना कारखान्याच्या चाळीत आणता येणार होतं. रोशनबीनं तर भांडी बांधायलाही काढली होती. त्यानं कुदळ घेतली आणि पहिल्या टेकूचा बुडखा उकरला. आत पांढरी मुळं धरली होती. तो नुसता बघत बसला. मग हातानंच माती पुन्हा लोटली.

तेवढ्यात जीप आली.

अंबादासराव उतरले ते थेट टेकूपाशीच. वसंतराव घाईनं पुढं झाले. “ओली लाकडं वापरली गेली, अण्णा. चुकून फुटली. आजच काढतोय.”

अंबादासरावांनी टेकूच्या टोकावरचं वाळलेलं शेण अंगठ्यानं खरवडलं. फांदी जगवायची असली की कापलेल्या तोंडाला शेण थापतात, आतला ओलावा उडू नये म्हणून. वसंतरावांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण अंबादासरावांची अर्धी हयात नांगरामागं गेली होती.

“चुकून व्हय? टेकूच्या डोक्याला श्यान कोण थापतं रं, नबी?”

वसंतरावांनी डोळ्यांनी खूण केली, गप बस. गप बसलं असतं तर निभावलंही असतं.

“म्या थापलं, अण्णा. जगावीत म्हणूनच थापलं.”

“म्हंजे मला फसवलंस?”

“व्हय.” नबीलालनं पामच्या रांगेकडं हात केला. “पर तुमचा एक पाम मरू दिला न्हाय. त्यास्नीबी तेवढंच पाणी घातलंय. बघा की.”

अंबादासराव खरंच बघायला निघाले. धोतराचा सोगा हातात धरून फाटकापर्यंत गेले, दुसऱ्या बाजूनं परत आले. नबीलाल कुदळीला धरून उभा होता. झालं, गेलं सगळं, रोशनबीला काय तोंड दाखवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

“गाड्या कुठल्या अंगाला हुब्या ऱ्हात्यात?”

“डाव्या, अण्णा.”

“मग डाव्या अंगाचं पाम मुळासकट काढ आन् हापिसाच्या म्होरं लाव. तिथं ऱ्हाऊ दे शोभा.” त्यांनी नांदरुकाचं एक पान बोटांत धरून बघितलं, तोडलं नाही. “बैल बसंल एवढी सावली धराय किती वर्सं लागतील?”

“सात-आठ तरी.”

“आन् तवर पाणी कोण घालणार?”

नबीलालनं कुदळ खाली ठेवली आणि झारी उचलली.

अंबादासरावांनी त्याच्याकडं न बघताच वसंतरावांपुढं हात केला.

“आणा तो कागुद.”