न पेटलेला कंदील

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. मित्रांनो म्हणालो ते रीत म्हणून. तुमच्यापैकी एकावरही माझा विश्वास नाही.

कारागिराने मला पितळेचा घडवला, पण तेलाला जागाच ठेवली नाही. जादूच्या शाळेतली पोरे मला दोन्ही हातांत धरत, एक आठवण मनात आणत आणि फुंकर घालत. वात पेटे. जळालेली आठवण मात्र कायमची जाई. म्हणून नियम होता की काल काय जेवलो, एवढेच जाळायचे. उजेड मिणमिणता पडे, पण माणूस शाबूत राही.

तिथे येणारी पोरे विशीच्या आतबाहेरची, घरातून पोळून आलेली. नियम कोण पाळतो? त्यांनी आपली दुःखे आणली, आणि दुःख झकास जळते. मास्तर खूश झाले. मला रोज राखेने घासू लागले. मीही फुगलो. एका उंच पोराने तर अख्ख्या घराची आठवण जाळली. महिन्याने त्याची आई भेटायला आली, तेव्हा तो म्हणाला, "कोण हवंय तुम्हाला?" ती आणलेला डबा तसाच घेऊन परत गेली. त्या दिवशीही मी चकचकीत होतो, याची मला लाज वाटते.

मग एक मुलगी आली, सगळे तिला चिडकी म्हणत. वडिलांच्या पट्ट्याची आठवण तिने पहिल्याच आठवड्यात जाळली. मार विसरली, पण दार आपटले की अंग चोरायची, आणि का ते तिला सांगता येत नसे. भीती माझ्यात जळत नाही, हे मास्तरांनी कधी कुणाला सांगितले नाही.

परीक्षेत मला लख्ख पेटवून दाखवायचे होते, आणि नापास म्हणजे शाळेबाहेर. मास्तर म्हणाले, "जेवणाबिवणाचं चालणार नाही. काहीतरी मोठं काढ."

"मोठं म्हणजे आता ताईच उरलीय."

"मग ती काढ."

पट्ट्याच्या आड उभी राहायची ती हीच ताई. चिडकीला ते आठवत नव्हते, मला आठवत होते, कारण पोरांचे जळते ते माझ्यात उरते. तिने फुंकर घातली आणि मी वात आत ओढून धरली. तीनदा तसेच झाले. चौथ्यांदा तिने मला भिंतीवर भिरकावले.

"वाटोळं केलंस माझं," ती म्हणाली. काच फुटली होती. तिचा राग खरा होता, कारण जायला तिला दुसरी जागा नव्हती.

दुपारी फाटकाशी एक बाई धापा टाकत येऊन उभी राहिली. मला तोवर अडगळीच्या खोलीत टाकले होते, तिथल्या खिडकीतून ती दिसत होती.

"ताई, मी नापास झाले."

"बरं झालं. पिशवी दे इकडे."

तेव्हा मित्रांनो, माझी काळजी घ्यायचीच असेल तर मला घासू नका, नवी काच बसवू नका. कुणी पुन्हा कौतुक केले तर मी पेटेन. माझा मलाच भरवसा नाही.